टाकीचा हात आणि नावाची पाटी

आपल्या उपनगरांत पाथरकामाची परंपरा अजून जिवंत आहे काय, असे कोणी विचारले तर उत्तर चटकन येते, की आहे तर! घाटकोपर घ्या, मुलुंड घ्या, बोरिवली घ्या. गेल्या काही दशकांत तेथे शुभ्र संगमरवराची नि गुलाबी वालुकाश्माची देवळे व देरासरे उभी राहिली आहेत. खांबांवर वेलबुट्टी, छताला कमळे, कमानींवर नर्तकी. दिवाळीत दर्शनाला गेलेला माणूस मान वर करून पाहतो आणि म्हणतो, "हुबेहूब दिलवाड्यासारखे!" माझे भांडण आहे ते या 'हुबेहूब'शी.

नक्कल साधली म्हणजे परंपरा टिकली, असे आपण सोयीने धरून चालतो. शेजारच्या पाटीत डोकावून उतरवलेले गणित बरोबर असते, पण ते उतरवणाऱ्याला येत नसते. आम्हां मास्तरांना हे सांगायला नको. दगडाचेही तसेच आहे. परंपरा नक्षीत नसते, हातात असते. घरातल्या पाट्याला टाकी लावून घेतलेल्या आज्यांना हे ठाऊक आहे. ठोका हलका पडला तर चटणी नीट वाटली जात नाही आणि जोराचा पडला तर दगडाचा कपचा उडतो. कोठे खोल जावे आणि कोठे थांबावे, हे ज्या हाताला कळते तो खरा वारसदार.

असा हात पाहायला बोरिवलीच्या कान्हेरीत जावे. तेथले तिसरे लेणे, म्हणजे मोठे चैत्यगृह, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले, सातवाहनांच्या अमदानीतले. त्याच्या चौतीस खांबांपैकी काहींनाच कोरीव बैठका आणि माथे लाभले आहेत. बाकीचे साधे अष्टकोनी राहिले. कोणी याला उणेपणा म्हणेल. मला ती शिकणाऱ्यासाठी उघडी ठेवलेली वही वाटते. आधी आकार मोकळा करायचा, अलंकार मागाहून, हा क्रम तेथे डोळ्यांनी वाचता येतो. शिवाय अखंड कातळात चूक झाली तर दुसरा दगड आणून बसवायची सोय नाही. म्हणून तेथला प्रत्येक ठोका विचार करून पडलेला आहे.

आजच्या कामाला हीच कसोटी लावून पाहू. कान्हेरीच्याच बोरिवलीत, खाडीपलीकडे गोराईला, २००९ साली विपश्यना पॅगोडाचे उद्घाटन झाले. त्याचे बाह्यरूप यांगूनच्या श्वेडागोनवरून घेतले आहे, हे खरे. पण श्वेडागोन आतून भरीव आहे, आणि गोराईला सुमारे ८५ मीटर रुंदीचा घुमट एकात एक अडकवलेल्या दगडांवर, मधे एकही खांब न घेता, तोलला आहे. खाली आठ हजार माणसे बसू शकतात. येथे कोरीवकाम फारसे नाही. तरीही दगडाचे ज्ञान आहे आणि जुन्याला नवा प्रश्न विचारण्याची हिंमत आहे. देरासरांच्या कमळांहून मी हे काम वरचे मानतो.

मूर्तीपुरते बोलायचे तर उपनगराबाहेर जावे लागते. २०२४ च्या जानेवारीत अयोध्येत बसवलेली रामलल्लाची मूर्ती म्हैसूरच्या अरुण योगीराज यांची. शिल्पकारांच्या घराण्यातला हा मनुष्य एम.बी.ए. होऊन, नोकरी सोडून टाकीकडे परतला. प्रभावळीतले दशावतार त्यांनी परंपरेप्रमाणे कोरले. पण पाच वर्षांच्या पोराचा चेहरा कोठून उतरवून घेणार? तो त्यांना स्वतःच शोधावा लागला. परंपरा जिवंत आहे म्हणायचे ते अशा जागी.

म्हणजे आपल्या देवळांतले कारागीर कमी प्रतीचे आहेत काय? मुळीच नाही. त्यांतले पुष्कळसे राजस्थान-गुजरातकडचे. सोमपुरा घराण्यांनी हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. त्यांतल्याच प्रभाशंकर सोमपुरांनी १९५१ मध्ये प्रतिष्ठापना झालेल्या सोमनाथाच्या नव्या देवळाचा आराखडा केला. उणे आहे ते आपल्या मागणीत. आपण कारागिराकडे त्याची बुद्धी मागत नाही, नुसती नक्षीची लांबी मागतो. मग एकच वेल यंत्राने शंभरदा निघते आणि टाकी शेवटचा हात फिरवण्यापुरती उरते.

कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक लेख आहे. हे काम कान्हाचा शिष्य बलक याने केले, एवढेच तो सांगतो. शिष्याने स्वतःबरोबर गुरूचेही नाव दगडावर ठेवले! मी पाहिलेल्या नव्या देवळांत देणगीदारांची नावे सोनेरी अक्षरांत वाचली. कोरणाऱ्याचे नाव मात्र दिसले नाही.

आणि नावाहूनही मोठी गोष्ट आहे, ती श्वासाची. देशभरातल्या देवळांसाठी दगड घडवणारे एक मोठे केंद्र म्हणजे राजस्थानातले पिंडवाडा. वालुकाश्म कापताना, घासताना उडणारी बारीक धूळ छातीत बसते आणि सिलिकोसिस जडतो. तो बरा होत नाही. पिंडवाड्याच्या कितीतरी कारागिरांना त्याने ग्रासले आहे. २०१९ साली राजस्थान सरकारला या रोगासाठी वेगळे धोरण आखावे लागले. पात्यावर पाण्याची धार सोडली, धूळ ओढून घेणारे यंत्र लावले, तर ही धूळ पुष्कळ आटोक्यात येते. बापाची धाप ऐकत वाढलेला मुलगा टाकी हातात घेईल, अशी आशा कोणत्या तोंडाने धरावी?

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत नव्या देवळात गेलात तर विश्वस्तांना दोन साधे प्रश्न विचारा. हे कोणी कोरले? आणि कोरताना पात्यावर पाणी होते काय? एवढे विचारून मग खुशाल मान वर करून पाहावे.