शॅनेल नंबर 19 : जमिनीखालचं हिरवं

फुलांचं अत्तर म्हटलं की गोड वास, हे आपण धरूनच चालतो. शॅनेलचं नंबर 19 तो समज पहिल्या फवाऱ्यातच मोडून काढतं. मनगटावर उडवलं की आधी फूल येतच नाही. येतो तो कच्चा, कडवट, नाकाला झोंबणारा हिरवा वास. पुष्कळ जणी इथंच नाक मुरडतात आणि बाटली जागेवर ठेवून देतात. मला विचाराल तर या अत्तराची सारी ऐट त्या पहिल्या उद्धटपणात आहे. तो उद्धटपणा पेलतो कशाच्या जोरावर, हे मात्र सावकाश पाहण्यासारखं आहे.

हे 1970 च्या सुमाराचं काम, आँरी रोबेर या अत्तरकाराचं. कोको शॅनेलचा जन्म 19 ऑगस्ट 1883 चा, त्या तारखेवरून हा आकडा आला. जानेवारी 1971 मध्ये बाई गेली, म्हणजे तिच्या अगदी अखेरच्या दिवसांतलं हे अत्तर. 1921 च्या नंबर 5 ची कीर्ती इतकी मोठी की 19 कायम त्याच्या सावलीत राहिलं. हिरव्या वासाची वाट मात्र आधीच कुणी तरी पाडून ठेवली होती. 1947 साली जर्मेन सेलिए या बाईनं बालमँ कंपनीसाठी ‘व्हाँ व्हेर’ हे अत्तर बांधलं आणि त्यात गॅल्बनम नावाचा डिंक असा सढळ हातानं घातला की तोवर कुणाची छाती झाली नव्हती. अत्तरकारांच्या पंगतीत तेव्हा बायका जवळजवळ नव्हत्याच. रोबेरनं तिचाच डिंक घेतला आणि त्याला शिस्त लावली.

हा डिंक आपल्याला वाटतो तितका परका नाही. इराणच्या डोंगराळ भागात फेरुला नावाच्या झाडांच्या काही जाती वाढतात. त्यांच्या बुंध्याला, जमिनीलगत, चीर दिली की दुधासारखा चीक पाझरतो आणि वाऱ्यावर घट्ट होतो. तो गॅल्बनम. त्याच गोतातल्या दुसऱ्या झाडांच्या मुळांपासून आपला हिंग मिळतो. फोडणीच्या डब्यातल्या हिंगाचं हे चुलत भावंड पॅरिसला जाऊन अत्तरात बसलं, एवढंच. गॅल्बनमच्या हिरवेपणात पायराझिन गटातल्या एका द्रव्याचा वाटा असतो, आणि तेच द्रव्य ढोबळी मिरची चिरताना नाकाशी येतं. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत त्याचे दोन भाग असले तरी माणसाच्या नाकाला कळतात. थेंबाचाही काही अंश पुरतो म्हणतात, ते उगाच नाही.

माझ्या जाऊबाईंना पायराझिन ठाऊक नाही, पण नाक तिखट. एकदा मी हे लावून ओसरीवर आले तर म्हणाल्या, “काय गं, ढाळे सोलत बसली होतीस का?” बाटली दाखवली तर त्यांचा विश्वास बसेना. “एवढे पैसे घालून हरभऱ्याचा वास घ्यायचा? रानात जायचं की मग.” मी आजवर या अत्तरावर वाचलेल्या सगळ्या मजकुरात इतकं नेमकं काही नव्हतं. आमच्या जळकोटच्या आसपास बालाघाटाच्या उतारांवर रब्बीत हरभरा असतो. पौषात पहाटेच्या दवात त्या रानातून चाललं की पातळाचा काठ पानांवरच्या आंबेनं भिजतो, आणि घाटा फोडला की बोटांना एक आंबट-हिरवा वास चिकटतो. अगोदरच्या पिढीतली माणसं पहाटे हरभऱ्यावर फडकं पसरून ती आंब टिपून घ्यायची आणि पोटदुखीवर जपून ठेवायची. 19 ची पहिली दहा मिनिटं तशीच आहेत. त्यात आंबट आहे, ओलं आहे, थंड आहे, आणि गोडाचा मागमूस नाही.

मग हिरवं मागं सरतं आणि गुलाब, जाई, लिली हळूहळू वर येतात. ती फुलं आहेत, पण त्यांना पुढं पुढं करण्याची सवय नाही. त्यांच्या खाली काही तरी पिठूळ, गार, किंचित गाजरासारखं पसरलेलं असतं. ते आयरिसचं, पण आयरिसच्या फुलाचं नव्हे, जमिनीतल्या गड्ड्याचं. हे गड्डे तीनेक वर्षं वाढू देतात, मग उपटून, सोलून, आणखी काही वर्षं वाळवत ठेवतात. ताज्या गड्ड्याला म्हणावा असा वास नसतो. हवा लागून, मुरून मुरून तो तयार होतो. अत्तराच्या धंद्यातल्या अतिमहाग जिनसांत याची गणना होते, त्याचं कारण ही वर्षं.

आणि सगळ्यात शेवटी उरतो तो वाळा. आपला माठातला, पडद्यांचा वाळा, म्हणजे पुन्हा मूळच. सोबत ओकच्या झाडावरचं शेवाळ आणि चामड्याची एक कोरडी छटा.

आता हिशेब जुळवून पाहा. वर आहे तो बुंध्याच्या चिरेतून निघालेला चीक, मध्ये गड्डा, तळाशी वाळ्याचं मूळ. नाव फुलांच्या अत्तराचं, पण फुलं बिचारी मधल्यामध्ये, आणि त्यांना उभं धरलंय ते जमिनीलगतच्या आणि जमिनीखालच्या मालानं. हे अत्तर हलकं असूनही ढिलं का पडत नाही, याचं उत्तर मला इथं सापडतं. समीक्षक त्याला थंड, गर्विष्ठ, अंतर राखणारं म्हणतात. मला ते तसं वाटत नाही. ते कुणाला जवळ बोलावत नाही एवढं खरं, पण जवळ आलेल्याला मातीचा वास देतं.

आपल्या बायकांना हा मेळ नवा नाही. मोगऱ्याच्या गजऱ्यात मधेमधे मरवा ओवतात तो शोभेसाठी नव्हे. नुसता मोगरा दुपारपर्यंत डोक्यात चढतो, मरव्याचा कडूपणा त्याला आवरतो. चैत्रात देवाला दवणा वाहतात, त्याचाही वास असाच, गोड आणि औषधी यांच्या मधला. फरक प्रमाणाचा. आपण हिरव्याला फुलाच्या सोबतीला बसवतो, रोबेरनं त्याला दारातच उभं केलं.

आमचा जळकोटचा भाग 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळं अत्तराचा शौक आमच्याकडे जुना. उरुसात अत्तरवाल्याकडून हिना किंवा खस घ्यायचा आणि त्याचा फाया कानात ठेवायचा, ही पद्धत वडीलधाऱ्यांनी पाळलेली आहे. पण चंदनाच्या तेलावरचं अत्तर अंगाला धरून बसतं आणि फारसं बदलत नाही. अल्कोहोलमधलं 19 तासातासाला रूप पालटतं, आणि आमच्या उन्हात हा खेळ अधिकच भराभर होतो. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर गेला की गॅल्बनम बघता बघता उडून जातं, आयरिस जेमतेम तासभर, मग उरलेला दिवस वाळ्याचा. पॅरिसच्या गारठ्यात मधलं पिठूळ प्रकरण लांबत असेल, इथं पहिलं आणि शेवटचं तेवढं ठळक राहतं. मला तर तेच आवडतं. घामावर गोड अत्तर आंबल्यासारखं होतं, 19 मात्र कोरडं राहतं. कातडीपेक्षा सुती साडीच्या पदराला आतून लावलं तर हिरवं थोडं अधिक टिकतं. बाटली खिडकीत ठेवली तर उन्हानं नासते. माझी लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली असते.

आज मिळतं ते जुन्यासारखं नाही, अशी कुरकुर ऐकू येते, आणि ती सगळीच खोटी नाही. ओकच्या शेवाळातली काही द्रव्यं त्वचेला बाधतात म्हणून युरोपात 2017 साली त्यांच्यावर बंदीचा नियम झाला, आणि जुन्या अत्तरांना तळ बदलावा लागला. त्याआधी 2011 मध्ये कंपनीनंच ‘19 पुद्रे’ नावाची मवाळ, पावडरी आवृत्ती काढली. ती वाईट नाही, पण तिच्यातून दारात उभं असलेलं हिरवं काढून घेतलंय. मग 19 कशाला म्हणायचं? मूळ 19 घेणार असाल तर ओ द त्वालेत घ्या. ओ द पार्फममध्ये गुलाब जास्त आणि टिकाऊपणाही जास्त, पण आमच्या हवेला तो गुलाब जड जातो. आणि लग्नाच्या मांडवात लावून जाऊ नका. तिथल्या मोगऱ्यापुढं, निशिगंधापुढं आणि मसालेभाताच्या वाफेपुढं त्याचं काही चालत नाही. साध्या दिवशी, कामाला बसताना लावावं. जाऊबाई आता कधीमधी मनगट पुढं करतात, दोन फवारे मारून घेतात आणि वर म्हणतात, “पहिलं जाऊ दे, मग सांगते.”