काटा तर हिरवा होता : वाइडबँडविना इंजिनचं मिश्रण जुळवण्याच्या पद्धतींची समीक्षा



या मालिकेत आपण नेहमी ग्रंथांची समीक्षा करतो. आज मी एका पद्धतीची समीक्षा करणार आहे, आणि ती पद्धत ग्रंथालयातली नाही, गॅरेजमधली आहे. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचं तिथे काय काम, असं कुणाला वाटेल. सांगतो.

दोन वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्यानं पिशवीतून एक पिस्टन काढून माझ्या टेबलावर ठेवला. दोन रिंगांच्या मधली कडा वितळून गेली होती. त्यानं १३०० सीसीच्या गाडीला टर्बो बसवला होता, पेट्रोलचा मॅप स्वतः लिहिला होता. मी विचारलं, "अरे, मिश्रण तपासलं नव्हतंस का?" तो म्हणाला, "तपासलं ना सर. काटा तर हिरवा होता."

हे वाक्य मला गेली दोन वर्षं सोडत नाही. कारण मुलगा खोटं बोलत नव्हता, आणि काटाही खोटं बोलत नव्हता. मग पिस्टन कसा वितळला?

आधी थोडी ओळख. पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं सुमारे १४.७ पट हवा लागते. त्याला लॅम्डा एक म्हणतात. पेट्रोल त्याहून जास्त असेल तर मिश्रण रिच, कमी असेल तर लीन. साध्या इंजिनला पूर्ण ताकद साधारण १२.५ ते १३ ला मिळते. टर्बोच्या इंजिनला पिस्टन थंड राहावा आणि नॉकिंग होऊ नये म्हणून ११.५ ते १२ पर्यंत रिच ठेवतात. म्हणजे या माणसाला जाणून घ्यायचं होतं ते 'रिच आहे का' एवढंच नव्हे, तर 'किती रिच आहे'.

आता त्याचा काटा. काटा कसला, डॅशबोर्डवर रंगीत दिव्यांची पट्टी. ती जोडली होती गाडीच्या मूळच्या ऑक्सिजन सेन्सरला. या सेन्सरला नॅरोबँड म्हणतात. झिर्कोनियाची एक टोपी असते, तिच्या एका बाजूला धूर आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हींतल्या ऑक्सिजनच्या फरकातून व्होल्टेज तयार होतं. लीनला ०.१ ते ०.२, रिचला ०.८ ते ०.९, आणि लॅम्डा एकच्या आसपास कड्यावरून उडी मारल्यासारखा बदल. बॉशनं १९७६ साली हा सेन्सर आणला तो उत्प्रेरक लावलेल्या गाड्यांसाठी. त्याला एकच प्रश्न विचारायचा होता : एकच्या अलीकडे आहोत की पलीकडे? त्या प्रश्नाचं उत्तर तो फार सुरेख देतो.

पण कडा चढून वर गेलं की सपाट पठार लागतं. तिथे १३ चं मिश्रण आणि १२ चं मिश्रण यांच्यात व्होल्टचे काही शतांश एवढाच फरक. सेन्सर अधिक तापला की तेवढाच फरक नुसत्या उष्णतेनं पडतो. आता त्या पठाराचे पाच तुकडे करून पाच दिवे लावले, तर ज्ञान पाचपट होतं का? होत नाही. दिवे वाढले, साक्ष तेवढीच राहिली. माझ्या विद्यार्थ्याचं मिश्रण १३.५ असतं तरी दिवा हिरवा, आणि ११.५ असतं तरी हिरवा. साक्षीदारानं जे पाहिलंच नाही ते आपण त्याच्या तोंडी घातलं.

आपल्या न्यायशास्त्रात याला नेमकं नाव आहे. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे आग आहे, हे अनुमान चालतं. आग आहे म्हणून धूर असणारच, हे चालत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर नाही. मधे एक लपलेली अट आहे, ओल्या लाकडाची. तिला नैयायिक उपाधी म्हणतात. तर्कसंग्रह शिकणाऱ्या मुलालाही हे उदाहरण पाठ असतं. मी ते वर्गात तीस वर्षं सांगितलं. ते गॅरेजमध्ये इतकं उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

हीच कसोटी बाकीच्या पद्धतींना लावू.

पहिली, प्लगचा रंग. 'फिका तपकिरी आला की मिश्रण बरोबर' हा नियम शिशाच्या पेट्रोलच्या काळातला. शिसं रंग सोडायचं. आपल्याकडे २००० साली शिसं गेलं, नियम मात्र राहिला. शिवाय प्लगवर दिसते ती गेल्या अनेक किलोमीटरांची सरासरी, आणि तीही प्लगच्या हीट रेंजवर अवलंबून. नवा प्लग लावून, पूर्ण थ्रॉटलवर एक धाव घेऊन, जागीच इंजिन बंद करून पोर्सेलिनच्या मुळाशी पाहिलं तर काही कळतं. पण त्यासाठी ती धाव आधी घ्यावी लागते, आणि घात तिथेच व्हायचा असतो.

दुसरी, धुराचं तापमान. लीनकडे जाताना ते वाढतं, हे लॅम्डा एकपर्यंत खरं. त्यापुढे ते पुन्हा उतरतं. आणि इग्निशन उशिरा दिलं तर मिश्रणाला हात न लावताही तापमान चढतं. ही इथली उपाधी.

तिसरी, 'गाडी ओढते कशी ते पाठीला कळतं'. १२ ते १३.५ च्या पट्ट्यात ताकद जवळपास सपाट असते. जिथे इंजिनलाच फारसा फरक पडत नाही, तिथे पाठीला काय कळणार?

कुणी म्हणेल, सर, मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सींचे मिस्त्री नुसत्या कानावर कार्ब्युरेटर जुळवायचे, त्याचं काय? आक्षेप रास्त आहे, आणि मला त्यातूनच उत्तर सापडलं. ते मिस्त्री आवाज 'ऐकत' बसत नव्हते. स्क्रू पाव फेरा फिरवायचे आणि मग ऐकायचे. उलट फिरवायचे, पुन्हा ऐकायचे. मॉरिस मिनी, एमजीबी या गाड्यांच्या एसयू कार्ब्युरेटरला तर यासाठी एक छोटी पिनच दिलेली असे. इंजिन संथ चालू असताना तिनं आतला पिस्टन जेमतेम ०.८ मिलिमीटर उचलायचा. त्यानं मिश्रण क्षणभर लीन होतं. आरपीएम वाढून वाढलेलाच राहिला, तर आधी रिच होतं. इंजिन बसायला लागलं, तर आधीच लीन होतं. किंचित वाढून स्थिरावलं, तर बरोबर.

बघा, इथे उपकरण काहीच नाही, तरी ज्ञान पक्कं आहे. का? कारण इथे चिन्ह वाचलेलं नाही, प्रश्न विचारलेला आहे. एकच गोष्ट बदलली आणि काय बदलतं ते पाहिलं. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही हाताशी आले. आणि उत्तर 'नाही' आलं तर नुकसान काय? इंजिन बंद पडलं, पुन्हा चालू केलं.

तेव्हा माझं म्हणणं असं. वाइडबँड नसताना ज्या पद्धती मिश्रण हलवून पाहतात त्या विश्वासार्ह आहेत, पण चुकीचं उत्तर जिथे स्वस्त आहे तिथपर्यंतच.

व्यवहारात याचा अर्थ काय? आधी उपाध्या काढा : धुराच्या नळीची गळती, मिसफायर, पेट्रोलचं प्रेशर. मॅप रिच बाजूनं सुरू करा. आयडल आणि संथ चालीचा भाग नॅरोबँडवर खुशाल जुळवा. तो एकच्या अलीकडे-पलीकडे हेलकावे घेऊ लागला की तो भाग बरोबर. टर्बो नसेल तर पुढे गणितानं जाता येतं : १४.७ वरून १२.५ वर यायला सुमारे १७.६ टक्के पेट्रोल जास्त. मात्र जोरात असतानाही प्रेशर टिकतं ना, हे गेजवर पाहिलंच पाहिजे, नाहीतर सगळं गणित कागदावर. मग ट्रॅकवर, रस्त्यावर नव्हे, तिसऱ्या गिअरमध्ये ३००० ते ५००० आरपीएमला किती सेकंद लागतात ते मोजा. दोन-दोन टक्के कमी करत जा. वेळ सुधारायचा थांबला की थांबा, आणि एक पायरी मागे या. नॉकिंगचा आवाज आला तर तिथेच सोडा.

टर्बो असेल तर बूस्टच्या दारात थांबा. तिथे इंजिनला प्रश्न विचारता येत नाही, कारण चुकीचं उत्तर पिस्टन देतो. एक दिवस वाइडबँड मागून आणा, डायनोवर तास-दोन तास भाड्यानं घ्या.

आणि हा प्रश्न फक्त हौशी लोकांचा राहिलेला नाही. २०२३ पासून आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. त्याचा लॅम्डा एक १४.७ वर नाही, सुमारे १३.५ वर आहे. म्हणजे पेट्रोल आठ-नऊ टक्के जास्त लागतं. संथ चालीत नॅरोबँड हे आपोआप सांभाळतो. पूर्ण थ्रॉटलवर बहुतेक मॅप सेन्सरचं ऐकतच नाहीत, आणि कार्ब्युरेटरला तर सेन्सरच नाही. दहा वर्षांपूर्वी उत्तम जुळवलेली गाडी आज पूर्ण जोरात लीन चालत असू शकते, कुणीही स्क्रूला हात न लावता. जुनं प्रमाण नव्या इंधनाला तपासून घ्यावं लागतं.

माझ्या विद्यार्थ्यानं इंजिन पुन्हा बांधलं. वाइडबँड बसवला. परवा फोन आला, "सर, आता तरी काटा खरा ना?" मी म्हटलं, तोही मोजतो ऑक्सिजनच, पेट्रोल नाही. एखाद्या सिलिंडरनं मिसफायर केलं, तर न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि मिश्रण रिच असूनही काटा लीन म्हणतो. मग तू पेट्रोल आणखी वाढवशील आणि मिसफायरही वाढेल. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे आधी प्लग बघू?"

मी म्हटलं, हो, आधी प्लग बघ.

थांबतो. तुमचे प्रश्न ऐकायला आवडतील.