दैनंदिन निर्णय आणि क्रीडासिद्धांत : ‘थिंकिंग स्ट्रॅटेजिकली’चे चाकणमधून वाचन

अविनाश दीक्षित व बॅरी नेलबफ यांचा ‘थिंकिंग स्ट्रॅटेजिकली’ हा ग्रंथ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या उपशीर्षकात उद्योग व राजकारण यांच्या जोडीला ‘दैनंदिन जीवन’ही आहे. मुंबईत जन्मलेल्या दीक्षितांनी गणिती परिभाषेचा अडसर दूर करून क्रीडासिद्धांत, म्हणजेच गेम थिअरी, सामान्य वाचकापर्यंत आणली, हे श्रेय निर्विवाद आहे. ‘पुढचे पाहा आणि तेथून मागे विचार करत या’ हा त्यांचा पहिला नियम रात्रपाळी करून सकाळच्या तासाला बसणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनाही चटकन पटतो. प्रश्न असा, की हे दैनंदिन जीवन नेमके कोणाचे?

या दृष्टीने वाटाघाटींवरील प्रकरण तपासण्यासारखे आहे. एका हॉटेलचा हंगाम १०१ दिवसांचा, रोजचा नफा एक हजार डॉलर. कामगार संघटना व व्यवस्थापन यांनी आळीपाळीने दिवसाला एक प्रस्ताव मांडायचा. करार होईपर्यंत हॉटेल बंद. शेवटच्या दिवसापासून मागे हिशेब करत आल्यास नफा जवळजवळ निम्मा-निम्मा वाटला जातो आणि करार पहिल्याच दिवशी होतो. संप घडतच नाही.

२५ जून २०१३ रोजी बजाज ऑटोच्या चाकण प्रकल्पातील कामगारांनी काम थांबवले. ते सुमारे पन्नास दिवसांनी, ऑगस्टच्या मध्यास, पुन्हा सुरू झाले. वेतनवाढीसोबत प्रत्येक कामगारास कंपनीचे ५०० समभाग प्रत्येकी एक रुपया दराने मिळावेत, अशी संघटनेची मागणी होती. कंपनीने ती फेटाळली व उत्पादन वाळूजसारख्या अन्य प्रकल्पांकडे वळवण्याचा इशारा दिला. समभाग न मिळताच कामगार परतले.

हा निकाल ग्रंथाच्या चौकटीत बसतो. करार न झाल्यास ज्याचे बाहेर अधिक बरे भागते, त्याच्या पदरात अधिक पडते. व्यवस्थापनापाशी वाळूज होते. कामगारापाशी थकलेले घरभाडे आणि वाण्याची उधारी. मात्र पन्नास दिवस का लागले, याला सिद्धांताचे नेहमीचे उत्तर ‘अपुरी माहिती’ हे आहे : समोरचा किती काळ तग धरेल, हे कोणालाच ठाऊक नसते. आमच्या मते हे उत्तर येथे तोकडे पडते. आकुर्डीतील उत्पादन २००७ मध्ये थांबलेले याच पट्ट्याने पाहिले होते. तेव्हा इशाऱ्याचे वजन कामगारांना कळत नव्हते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

समभागांची मागणी म्हणजे घासाघीस सुरू करण्यासाठी फुगवलेला आकडा, असा अर्थ या पद्धतीने सहज लावता येतो. परंतु वेतनाच्या वादात दोन पक्ष एकच नफा वाटून घेत असतात. समभाग मागणारा वाटणी करणाऱ्यांच्या पंगतीला बसू पाहतो. हॉटेलच्या उदाहरणात हे मांडायला रकानाच नाही. खेळ बदलण्याविषयी ग्रंथात पुष्कळ विवेचन आहे, आणि ते वाचनीयही आहे. पण ते धमकी, वचन व बांधिलकी या डावपेचांपुरते. नियम लिहिण्याचा अधिकार कोणाकडे, याकडे ग्रंथकार वळत नाहीत.

शिवाय हॉटेलात खेळाडू दोनच. भोसरी-चाकण पट्ट्यात कायम कामगाराशेजारी कंत्राटी कामगार उभा असतो आणि कराराच्या बैठकीत त्याला खुर्ची नसते. रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८४ च्या ग्रंथात दाखवले, की तीच माणसे पुन्हापुन्हा भेटणार असतील तर सहकार्य टिकते. हा मुद्दा वर्गात शिकवताना एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, माझं कंत्राट सात महिन्यांचं आहे. पुन्हा भेट होणार, हे मी कशावरून धरायचं?” त्या तासाला मला ते उदाहरण फळ्यावरून पुसून पुन्हा मांडावे लागले. हे प्रकरण मी अजूनही शिकवतो; मात्र आकडेमोडीआधी विद्यार्थ्यांकडून खेळाडूंची यादी लिहवून घेतो. ती दोन नावांवर थांबलेली मी अद्याप पाहिलेली नाही.