सोय, सौंदर्य आणि अवधान

एकच कलाकृती निरनिराळ्या माध्यमांतून आपल्यापुढे येते, तेव्हा तिचे खरे रूप कोणते मानावे, हा प्रश्न समीक्षेला नवा नाही. नाटक रंगमंदिरात पाहावे की ध्वनिफितीवर ऐकावे, चित्रपट चित्रगृहाच्या अंधारात पाहावा की घरच्या दूरचित्रवाणीवर, यावर आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली आहे. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र ती क्वचितच होते. पालकांच्या बोलण्यात खेळ म्हणजे व्यसन आणि मुलांच्या बोलण्यात खेळ म्हणजे यंत्राची ताकद. या दोहोंमधले रान मोकळेच पडले आहे. खेळ हातातल्या लहान यंत्रावर सोयीने खेळावा, की मोठ्या पडद्यावर त्याच्या पूर्ण दृश्यवैभवासह, हा प्रश्न आज वर्ध्यासारख्या जिल्ह्यातही घरोघरी निघतो. घराघरांत तो खरेदीचा प्रश्न म्हणून सोडवला जातो. तो आस्वादाचाही आहे, हे येथे दाखवायचे आहे.

त्यासाठी आपल्याच मातीतले एक उदाहरण घेऊ. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ निर्माण केला. २०१७ साली लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा तिचा प्रयत्न फसला. तरीही जिद्दीने काम पुरे करून २०२० साली तिने तो जगापुढे ठेवला. सर्कशीत वाढलेली राजी ही मुलगी, असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या आपल्या धाकट्या भावाच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू तिच्या पाठीशी उभे राहतात. पुराणकथेवर उभारलेली ही रचना आपल्या धर्मश्रद्धेचा विषय नव्हे. परंतु भावासाठी तुटणारा बहिणीचा जीव कोणत्याही घराला कळण्यासारखा आहे.

या खेळाचे सामर्थ्य त्याच्या दृश्यरचनेत आहे. राजस्थानी महालांचे सज्जे, बलीच्या मंदिरांची छाप, पहाडी चित्रशैलीची आठवण करून देणारे रंग, आणि वाटेत थांबून निरखावीत अशी भित्तिचित्रे. पाहणाऱ्याचा डोळा बहुतेक वेळ दूर व उंचावर ठेवलेला असतो, त्यामुळे विशाल प्रांगणात राजी अगदी इवलीशी दिसते. हे तिचे लहानपण हाच कथेचा आशय आहे: समोर प्रचंड वास्तू, प्रचंड शत्रू, आणि त्यांच्यामध्ये एक पोर.

आता याच खेळाची निरनिराळी रूपे पाहू. ऑगस्ट २०२० मध्ये तो प्रथम निन्टेन्डो स्विच या यंत्रावर आला. हातात धरून खेळताना या यंत्राचा पडदा जेमतेम ६.२ इंचांचा, त्यावर १२८० गुणिले ७२० चित्रबिंदू. ऑक्टोबर २०२० मध्ये तो संगणक, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन यांवर आला. काही काळ नेटफ्लिक्सच्या सदस्यांना तो मोबाइलवरही मिळत होता. गंमत अशी, की पुण्यात घडलेला हा खेळ ज्या यंत्रावर प्रथम प्रकाशित झाला, त्या यंत्राची भारतात तेव्हा अधिकृत विक्रीच होत नव्हती.

लहान पडद्यावर या खेळाचे काय हरवते? दूरच्या कमानींचे नक्षीकाम पुसट होते, भित्तिचित्रांतील बारीक रेषा डोळ्यांना नीट सापडत नाहीत, आणि मुळातच लहान असलेली राजी लढाईच्या धुमाळीत हरवून जाते. मोठ्या पडद्यावर जे लहानपण अर्थपूर्ण वाटते, तेच येथे अडचण होऊन बसते. हा तोटा खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु जे हरवत नाही, तेही पाहिले पाहिजे. कथेचे दुवे हा खेळ छायाबाहुल्यांच्या द्वारे सांगतो. उजळ पार्श्वभूमीवर काळ्या आकृत्या हलतात, आणि हा भाग तळहाताएवढ्या पडद्यावरही तितकाच ठसतो. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या कलावंतांची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. एक दिवा, एक पांढरा पडदा, चामड्याच्या बाहुल्या. आणि चित्रकथी सांगायची तर काखेत मारून नेता येईल अशी चित्रांची पोथी. एवढ्या सामग्रीवर तेथे रामायण-महाभारत उभे राहते. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्राची प्रत बिंदूंच्या संख्येइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, रेषेच्या निश्चयावर अवलंबून असते, हे त्यांच्याकडून शिकावे.

खेळांचा इतिहासही हेच सांगतो. १९८९ साली निन्टेन्डोने 'गेम बॉय' हे हातात मावणारे यंत्र आणले. त्याचा पडदा रंगहीन, केवळ चार छटांचा. त्याच वर्षी अटारीचे 'लिंक्स' आणि पुढच्या वर्षी सेगाचे 'गेम गिअर' ही रंगीत यंत्रे आली, दिसायला कितीतरी सरस. पण ती बॅटऱ्या भराभर संपवीत. 'गेम बॉय' स्वस्त, दणकट आणि चार बॅटऱ्यांवर दीर्घकाळ चालणारा. रंगीत आवृत्ती धरून त्याचे ११ कोटींहून अधिक नग खपले. आपल्याकडची मोबाइलवर लढाया खेळणारी मुलेही, खेळ अडखळू नये म्हणून, चित्राची प्रत मुद्दाम खाली उतरवतात. तेव्हा सोय निवडणारा रसिक नसतो, असे म्हणण्याची घाई करू नये.

वर्ध्यात तर असे म्हणणे विशेषच अनुचित. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने उत्तम चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा यंत्र हलके, सुटसुटीत व दीडशे रुपयांच्या आत असावे, अशा अटी होत्या. पुढे गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात पेटीत मिटणाऱ्या चरख्याचा पुरस्कार केला. गावोगावी नेता येणारे, गरिबाला परवडणारे यंत्र, ही या भूमीची जुनी आस्था आहे. कापसाच्या चुकाऱ्याची वाट पाहणाऱ्या घराला २०२१ साली ४९,९९० रुपयांना आलेले प्लेस्टेशन ५ घ्या, असे कोण सांगेल? त्या घरातील मुलाला खेळाचे जग मोबाइलनेच दाखविले, आणि यात सोयीने न्यायच केला आहे.

मात्र पेटीचरख्याची आठवण आपल्याला आणखी एका ठिकाणी नेते. तो चरखा कोठेही नेता येई, पण उघडला की तो मांडी घालून बसायला लावी. लक्ष ढळले की सूत तुटे. त्याची सोय हातापाशी थांबे, मनापर्यंत जात नसे. मोबाइलवरील पुष्कळ खेळांची सोय याच्या उलट आहे. ते जेवताना चालतात, अभ्यासाच्या पुस्तकाआड चालतात, आणि त्यांना शेवट नसतो. कारण शेवट झाला तर खेळणारा उठून जाईल. 'राजी' काही तासांत संपतो. त्याचा शेवट थोडा घाईचा आहे हा त्याचा दोष खरा, पण शेवट असणे हा मोठा गुण आहे.

म्हणून निवडीची कसोटी अशी मांडावीशी वाटते: चित्राची हानी कल्पनाशक्ती भरून काढते, अवधानाची हानी कशानेच भरून निघत नाही. मोठ्या पडद्याचा खरा लाभ चित्रबिंदूंपेक्षा यात आहे, की तो घराच्या मधल्या खोलीत असतो, बसायची वेळ ठरवावी लागते, आणि बहीण, आजी येता-जाता काय चालले आहे ते विचारू शकतात. हेच लाभ लहान पडद्यावरही मिळविता येतात. फक्त तेथे ते यंत्र देत नाही, घराने द्यावे लागतात. ज्या पालकांना मोठे यंत्र घेणे शक्य नाही, त्यांनी खंत करू नये. मुलाशेजारी बसावे, भित्तिचित्रापाशी त्याला थांबवावे, यात काय काढले आहे ते विचारावे. ज्यांनी मोठे यंत्र घेतले, त्यांनीही तेच करावे. नाही तर पन्नास हजारांचा पडदा आणि हातातला मोबाइल यांत फरक उरतो तो केवळ किमतीचा.