'पेशी मरतात' : एका वाक्याची चिकित्सा

वनस्पतींतील फ्लॅव्होनॉइड द्रव्ये आणि ल्युकेमियाच्या पेशी यांच्या संबंधाविषयी जे विपुल लेखन होत आहे, त्यात एक वाक्य नाना रूपांनी पुनःपुन्हा भेटते : 'अमुक द्रव्य पेशीतील संदेशमार्ग रोखते व पेशी मरतात.' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. प्रयोगशाळेच्या मर्यादेत ते पुष्कळदा सत्यही असते. परंतु त्यात अधिकरण नाही. पेशी कोठे मरतात, हे ते सांगत नाही. शिवाय 'मेल्या' या भूतकाळाऐवजी 'मरतात' हा वर्तमानकाळ योजल्यामुळे एका प्रयोगाच्या वृत्तान्तास 'सूर्य पूर्वेस उगवतो' या जातीच्या सिद्धान्ताचे रूप येते.

'संदेश' आणि 'मार्ग' ही रूपके आहेत, आणि रूपकावाचून शास्त्राचेही चालत नाही. पेशीत प्रत्यक्ष घडते ते इतकेच की, कायनेज नावाचे प्रथिन दुसऱ्या प्रथिनास फॉस्फेट जोडते आणि त्यामुळे त्याचे वर्तन पालटते. दोष रूपकात नसून त्याच्या ताणण्यात आहे. 'मार्ग' म्हटला की एक वाट आणि तीवर एक अडसर, असे चित्र उभे राहते. कांद्यात आढळणारे क्वेर्सेटिन मात्र एकाच नव्हे, तर अनेक कायनेजांना अडविते. त्याच्या रचनेचा आधार घेऊन पी-आय-३ कायनेज रोखण्यासाठी १९९४ साली प्रसिद्ध झालेले एलवाय २९४००२ हे द्रव्यदेखील इतर कायनेजांना बाधते, असे पुढे दिसून आले. तेव्हा 'मार्ग रोखला' या शब्दप्रयोगातील एकवचन तपासून घेणे अगत्याचे ठरते.

अधिकरण गाळल्याने काय घडते, याचा बोध फ्लॅव्होपिरिडॉलच्या इतिहासावरून होतो. सह्याद्रीत वाढणाऱ्या डायसॉक्सिलम बायनेक्टॅरिफेरम या वृक्षात रोहितुकिन हे अल्कलॉइड सापडते. त्याच्या धर्तीवर मुंबईतील हेक्स्ट कंपनीच्या संशोधकांनी फ्लॅव्होपिरिडॉल रचले. ते कोणत्याही झाडात मिळत नाही. म्हणून त्यास 'वनस्पतिज' म्हणतानाही विवेक राखला पाहिजे. हे द्रव्य सीडीके-९ या कायनेजास रोखते. त्यामुळे जनुकांचे प्रतिलेखन मंदावते, एमसीएल-१ हे अल्पायुषी रक्षक प्रथिन घटते आणि पेशी आत्मनाशाकडे वळते. काचपात्रात हे स्पष्ट दिसले. परंतु ७२ तास संथपणे शिरेवाटे देऊन केलेल्या आरंभीच्या चाचण्यांत रुग्णांना लाभ जवळजवळ झाला नाही. कारण पुढे उमगले : काचपात्रातील पेशी गोवंशाच्या रक्तद्रवात वाढविलेल्या होत्या, मानवी रक्तद्रवातील प्रथिने हे द्रव्य कितीतरी अधिक प्रमाणात बांधून ठेवतात व मोकळे द्रव्य थोडेच उरते.

हे ध्यानी घेऊन अर्ध्या तासात काही मात्रा व नंतर चार तासांत उरलेली, अशी योजना आखण्यात आली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दीर्घकालिक लसिका-ल्युकेमियाच्या ४२ रुग्णांपैकी ४५ टक्क्यांत रोग अंशतः ओसरला. मात्र काही रुग्णांत पेशी इतक्या वेगाने फुटल्या की, त्यांतून रक्तात उतरलेल्या पोटॅशियमादी द्रव्यांनीच जीवास धोका निर्माण झाला. म्हणजे 'पेशी मरतात' हे वाक्य येथे अक्षरशः खरे ठरले, तेव्हाही ते 'रुग्ण बरा होतो' या वाक्याचा पर्याय नव्हते.

शब्दाचा अर्थ संदर्भावाचून ठरत नाही, हे भाषाशास्त्राचे प्राथमिक तत्त्व होय. द्रव्याच्या क्रियेसही ते लागू पडावे, यात नवल नाही. आहारातील क्वेर्सेटिनचे आतड्यात व यकृतात रूपांतर होते आणि रक्तातील त्याचे प्रमाण काचपात्रात वापरल्या जाणाऱ्या प्रमाणाहून बहुधा पुष्कळच कमी असते. हा तपशील गाळून लिहिलेले वाक्य रुग्णाच्या आप्तांच्या हाती पडते, तेव्हा त्याचा अर्थ 'कांदा खावा, काढा द्यावा, उपचार थांबविला तरी चालेल' असा होऊ शकतो. लेखकाने तसे म्हटलेले नसते; परंतु तसे न समजण्यास आवश्यक ते शब्दही त्याने दिलेले नसतात.

म्हणून अशा लेखनाकडून अलंकारत्यागाची अपेक्षा करण्याचे कारण नाही. कोणत्या पेशी, कोणत्या द्रवात, किती प्रमाणात, किती काळ, एवढी चार पदे वाक्यात यावीत आणि क्रियापद भूतकाळी असावे. वाक्य थोडे लांबेल. पण ते खरे राहील.