बंदुकीची पुष्पिका

जुन्या पोथ्यांचा संग्राहक नवी पोथी हातीं आली कीं प्रथम शेवटचें पान उलटतो. ग्रंथकार कोण हें बहुधा आरंभींच कळतें. परंतु ही प्रत कोणीं, कोणत्या गांवीं, कोणत्या शकांत व कोणासाठीं उतरली, हें पुष्पिकेखेरीज कळत नाहीं. जुनी बंदूक हातीं घेणारा गृहस्थ मात्र प्रथम ती खांद्यास लावून पाहतो आणि मग "ही अजून उडते काय?" असें विचारतो. हा प्रश्न गैर नाहीं. तो पहिला असूं नये, एवढेंच आम्हांस या लेखांत म्हणावयाचें आहे.

ज्या शहरांत बसून आम्ही हें लिहीत आहों तें छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचें औरंगाबाद, मोगलांच्या दक्षिणेंतील मोहिमांचें ठाणें होतें आणि पुढें १७६३ पर्यंत निजामाची राजधानी. येथील जुन्या घरांतून ठासणीच्या बंदुका निघाव्या यांत नवल नाहीं. त्या बाळगणारांचे दोन पंथ आहेत. पहिला पंथ बंदूक ढालीशेजारीं भिंतीवर टांगतो व तिच्यावरील रुप्याच्या कामाचें कौतुक करितो. दुसरा म्हणतो कीं, बंदूक हें यंत्र आहे. बार काढल्याखेरीज तिचा गुण कळणार नाहीं. न उडणारी बंदूक म्हणजे न वाजणारी सतार. हें दुसऱ्या पंथाचें म्हणणें अधिक विचारार्ह आहे, म्हणूनच त्याचें परीक्षण करणें प्राप्त झालें.

चांगल्या घडणीच्या तोड्याच्या बंदुकीचें सौंदर्य नक्षीपेक्षां काटकसरींत आहे. नळी, कुंदा, रंजकदान, चाप व तोडा धरणारा घोडा, एवढाच तिचा संसार. चाप ओढला कीं कुंद्याच्या खाचेंतील घोडा जळता तोडा रंजकावर टेकवितो, रंजकाची आग कान्यांतून आंत शिरते आणि बार होतो. गांवच्या लोहारास दुरुस्त करतां येईल असें हें साधन असल्यामुळें चकमकीची बंदूक आल्यावरहि तें आपल्या देशांत दीर्घकाळ टिकलें. चाप ओढणें आणि बार होणें यांमधील जो क्षणभर विलंब, तो नेमबाजानें कसा सांभाळला असेल, हें कांचेच्या कपाटाबाहेरून कळत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे.

या पंथास मोठा आधारहि आहे. अबुल फजलानें ‘ऐने अकबरी’त बंदुकांच्या कारखान्याचें वर्णन दिलें आहे. लोखंडाची पट्टी तिरपी गुंडाळून, कडेस कड न भिडवितां पदरावर पदर चढवून नळी कशी जोडीत, सोळा नळ्या एकदम साफ करणारें चक्र बैलाकडून कसें फिरवीत, हें सर्व तेथें आहे. अकबराच्या ‘संग्राम’ नामक बंदुकीनें १०१९ जनावरें मारल्याची नोंदहि तेथेंच आहे. १५६८ त चितोडास जयमल याच बंदुकीनें पडला असें सांगतात. परंतु त्याच ग्रंथांत असेंहि लिहिलें आहे कीं, प्रत्येक बंदुकीवर लोखंडाचें वजन, तें कोठून आणिलें, कारागीर कोण, बंदूक कोठें व केव्हां झाली आणि तिचा अनुक्रम कितवा, हें कोरलेलें असे. ही पुष्पिका नव्हे तर काय? ज्या बादशहास नेमबाजीचा इतका शोक, त्याच्या कारखान्यांतहि लेखाची उपेक्षा झाली नाहीं.

लेखाचें महत्त्व आम्ही संस्कृताच्या अनुभवावरून सांगतों. शुक्रनीतींत लघुनालिक व बृहन्नालिक यांचें वर्णन असून दारूचें प्रमाणहि दिलें आहे. तेवढ्यावरून गुस्ताफ ऑपर्ट यांनीं १८८० त प्राचीन भारतांत बंदुका होत्या असें प्रतिपादिलें, आणि आम्हींहि तरुणपणीं तें वर्गांत अभिमानानें सांगितलें. पुढें तो भाग बराच अर्वाचीन असल्याचें विद्वानांनीं दाखविलें. ग्रंथाच्या शब्दावर वस्तूचा काळ ठरविण्यांत असा धोका असतो. वस्तूवर कोरलेलें अक्षर त्याहून विश्वासू साक्षीदार होय.

दौलताबादेची मेंढा तोफ पाहा. मागच्या अंगास मेंढ्याचें मस्तक असलेली ही तोफ पाहण्यास येणारे लोक त्या मस्तकावर हात फिरवून परततात. तिच्यावरील फारसी लेखांत औरंगजेबाचें व तोफेचें नांव आहे, तिकडे फारसें कोणी पाहत नाहीं. दुसरें उदाहरण असईचें. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं भोकरदनच्या बाजूस केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यांत शिंदे-भोसले व वेलस्ली यांची लढाई झाली. "ही असईच्या रणांगणावरची" अशी चकमकीची कंपनी-बंदूक कोणीं दाखविली, तर तिची कळ पाहावी. हृदयाच्या आकृतींत कंपनीचीं आद्याक्षरें असलेली खूण ती पूर्वीची. १८०८ च्या सुमारास तिच्या जागीं पुढचे पाय उचललेला सिंह आला. कळीवर सिंह असेल तर निदान ती कळ तरी असईच्या दिवशीं नव्हती. एका लहानशा खुणेनें घराण्याची मोठी आख्यायिका अशी तपासली जाते.

आतां आमचाच एक प्रमाद सांगणें भाग आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका स्नेह्यानें आपल्या घरची तोड्याची बंदूक आम्हांस दाखविली. कान्याजवळ गंजाखालीं दोन ओळी अंधुक दिसत होत्या. त्यास ती उडवून पाहावयाची होती. आम्हांस ओळी वाचावयाच्या होत्या. दोघांच्याहि उतावीळपणास सोयीचें म्हणून नळी घासून घ्यावी, हा सल्ला आम्हींच दिला. नळी लखलखीत होऊन आली. पहिल्या ओळींतील "अमल" हा शब्द राहिला; म्हणजे कोणाची तरी कृति एवढें उरलें. कोणाची, तें गेलें. दुसरी ओळ समूळ गेली. हरताळ लावून खोडलेलें अक्षरहि कधीं कधीं वाचतां येतें. घासलेलें लोखंड वाचतां येत नाहीं. पुढें ती बंदूक उडविण्याचें धैर्यहि कोणास झालें नाहीं, व तें योग्यच झालें. कारण जुन्या जोडाच्या नळीचा सांधा कोठें उकलेल हें वरून दिसत नाहीं, आणि हल्लींची धूरहीन दारू तर अशा नळीस केवळ घातक आहे.

कायद्याचीहि येथें गांठ आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमांतील सूट ही दुरुस्त करूनहि न उडणाऱ्या, जुन्या घाटाच्या वा पुराणमूल्याच्या हत्यारास आहे. उडती करण्याजोगी बंदूक या सुटींत बसत नाहीं. तिला परवाना हवा. १९७२ च्या पुरावस्तु अधिनियमानें हस्तलिखितास पंचाहत्तर वर्षें, तर इतर वस्तूंस शंभर वर्षें ही मर्यादा घातली आहे. म्हणजे पोथी व बंदूक यांस कायद्यानेंहि एकाच पंक्तीस बसविलें आहे.

मग नेमबाजाची हौस व्यर्थ काय? मुळींच नाहीं. ठासणीच्या बंदुकांच्या सामन्यांसाठीं १९७१ त स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मंडळानें मूळ बंदुका व नव्या नकला यांचे निरनिराळे वर्ग ठेविले आहेत. आम्हांस त्यांतील नकलेचा मार्ग पसंत आहे. दुर्मिळ पोथी पाठास काढीत नाहींत. तिची नक्कल करून पाठ चालवितात, आणि शंका आली म्हणजे मूळ पाहतात. रीतसर परवान्यानें नवी नळी घडवावी, तिच्यावर विलंब, धूर व पल्ला यांचे प्रयोग करावे, आणि त्यांचीं टिपणें मूळ बंदुकीच्या लेखाशेजारीं ठेवावीं. असें झालें तर दोन्ही पंथांचें भांडण मिटेल.

तोंवर संग्राहकांस एवढीच विनंति कीं, बंदूक मिळाली तर शिकलगारास बोलावण्यापूर्वीं तिच्या नळीचें, कळीचें व कुंद्याच्या तळाचें छायाचित्र घ्यावें, लांबी व तोंडाचा व्यास मोजावा, आणि अक्षर दिसेल तेथें बोट ठेवूं नये. आमच्या स्नेह्याच्या बंदुकीवरची दुसरी ओळ आम्हांस कधींच वाचतां येणार नाहीं. दुसऱ्याच्या बंदुकीवरची तरी कोणी वाचावी.