बीडच्या पटांगणात ‘ध्यासपर्व’

संततिनियमनाच्या प्रसारासाठी चित्रपट दाखविण्याची कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे बोलपट सरकारी गाड्यांतून खेडोपाडी पोहोचत, आणि पुढे लाल त्रिकोणाची खूणही घरोघर ओळखीची झाली. त्या साऱ्यांचा उपदेश एकच, की मुले थोडी होऊ द्या. स्त्रीच्या शरीराविषयीचा निर्णय कोणी घ्यावयाचा, हे मात्र त्यांत क्वचितच विचारले जाई. मराठीत तो प्रश्न धिटाईने विचारणाऱ्या र. धों. कर्व्यांवर अमोल पालेकर यांनी २००१ साली ‘ध्यासपर्व’ काढला. प्रजननाचे हक्क समजावून देण्यासाठी बीड जिल्ह्यात गावोगाव खेळ करावयाचे झाल्यास प्रथम याच चित्रपटाचे नाव सुचावे हे स्वाभाविक होय. परंतु तो तेथे कसा उतरेल, याचा विचार आधी व्हावा असे आम्हांस वाटते.

चित्रपटाची योग्यता आम्हांस मान्य आहे. किशोर कदम यांचे रघुनाथराव आणि सीमा बिस्वास यांच्या मालतीबाई दीर्घकाळ स्मरणात राहतात. १९२१ सालचे संततिनियमनकेंद्र, १९२७ पासूनचे ‘समाजस्वास्थ्य’, अश्लीलतेचे खटले (१९३४ च्या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते!) हा इतिहासच मुळी तेजस्वी आहे. तथापि चित्रपटाचा सारा प्रकाश एका पुरुषाच्या ध्यासावर पडतो. ज्या स्त्रियांसाठी तो झिजला, त्या कडेलाच राहतात. मुंबईपुण्याच्या प्रेक्षकास हे खुपत नाही. बीडमध्ये खुपेल.

कारण तेथील प्रश्न निराळा आहे. २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीपुढे जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पुष्कळजणी चाळिशीच्याही आतल्या. मुकादमाकडून उचल घेतलेले नवराबायकोचे जोडपे म्हणजे एक कोयता. दोघांपैकी एकाने कामास दांडी मारली की खाडा पडतो व पैसे कापले जातात. फडात पाणी नाही, आडोसा नाही, पाळी आली तरी मोळी डोक्यावर चढवावीच लागते. अंगावरून पाणी जाते, पोट दुखते. डॉक्टर कर्करोगाचे भय घालतो, आणि बाई म्हणते, एकदाची पिशवी काढून टाका. अशा गावात ‘ऑपरेशन’ हा शब्द मुक्तीचा राहिलेला नाही. पडद्यावर संततिनियमनाचा गौरव चालला असता समोरच्या बाईने त्यात आपल्या पिशवीच्या शस्त्रक्रियेचेच समर्थन वाचले, तर तिला दोष कोण देईल?

म्हणून खेळापूर्वी एवढे तरी सांगितलेच पाहिजे की, नसबंदी निराळी आणि गर्भाशय काढणे निराळे. मूल नको म्हणून पिशवी काढावी लागत नाही, आणि तिच्याबरोबर बीजकोशही गेले तर ऐन तारुण्यात हाडे ठिसूळ होऊ लागतात. कर्व्यांनी नसबंदी स्वतःवर करून घेतली, बायकोवर लादली नाही, ही गोष्ट तर पुरुषांच्या बाजूस बसलेल्यांना मुद्दाम ऐकवावी.

आमच्या मते ‘ध्यासपर्वा’च्या जोडीस दीपा धनराज यांचा ‘समथिंग लाइक अ वॉर’ (१९९१) हा माहितीपट असावा. कलेच्या दृष्टीने तो ओबडधोबड वाटेल, पण त्यात स्त्रियांना रांगेने निजवून दुर्बिणीने शस्त्रक्रिया उरकणारी शिबिरे दिसतात. आणि त्याच पडद्यावर बायका एकत्र बसून स्वतःच्या शरीराचे चित्र काढीत मोकळेपणाने बोलतात. बीडच्या बाईला आपली ओळख येथे पटेल. तिला समजेल अशा बोलीत निवेदन सांगणारे माणूस मात्र शेजारी हवे.

खेळानंतरची चर्चा बायकांची वेगळी व्हावी, आणि त्या बैठकीत मुकादमाच्या घरचे कोणी नसावे. वेळही साधली पाहिजे. दसरादिवाळीच्या सुमारास वडवणी, धारूर, केज या भागांतून टोळ्या कारखान्यांकडे निघतात. त्यानंतर पटांगणात म्हातारीकोतारी तेवढी उरतात. खेळ करावयाचे ते पाडव्यानंतर, माणसे गावी परतल्यावर आणि नवी उचल अंगावर चढण्यापूर्वी.